दुसऱ्या मजल्याचा पायगुण

सायगॉन
मांजराच्या वर्षाचा पहिला दिवस, दुपार
३ फेब्रुवारी २०११

तर पहिला पाय क्वी न्हाव्याचा लागलाच नाही! पाच मुलगे, तोंडात सगळे दात शाबूत, त्याचं जन्मवर्ष माझ्या जन्मवर्षाशी जुळतं, म्हणून महिनाभर आधी त्याला सांगून ठेवलं होतं, की बाबा रे, नव्या वर्षाच्या सकाळी माझा उंबरा तूच आधी ओलांड. त्या बोलीवर दोनदा फुकट चिकट भात खाऊन गेला. आणि आज मेला घोरत पडला. काल जी ढोसली ती उतरलीच नव्हती. त्याची बायको मघाशी जिन्यातूनच सांगून गेली, आत न येता.

मग कोण आलं म्हणतेस?

थाम, तू काही म्हणत नाहीस हे मला ठाऊक आहे. पण लिहिताना तू मधे मधे विचारतेस असं मी धरून चालते. नाहीतर पुढचं वाक्यच सुचत नाही.

तर सकाळची सात वाजायची वेळ. मी निळी ब्लाऊज-विजार घातलेली, ती बटणांची. पिवळ्या माई फुलांची फांदी यंदा चांगली फुलली. तुझ्या बाबांच्या फोटोपुढे कलिंगड, डुकराचं मटण, अंडी, सगळं मांडून झालं. दार सताड उघडं. मी आपली स्टुलावर बसून पायऱ्या ऐकत होते. आणि एक परका माणूस दारात! पांढरा शर्ट, चाळिशीच्या आतला, हातात फळांची टोपली, आणि बोटाला धरून एक पोरगी, लाल झगा, केसांना दोन शेंड्या. माणूस खाली वाकला आणि त्या उत्तरेकडच्या मोजूनमापून बोलायच्या बोलीत म्हणाला, "आपणाला शंभर वर्षांचं आयुष्य लाभो, घरात धनधान्य राहो." आणि उजवा पाय आत.

झालं. पाय आत म्हणजे आत.

मला वाटलं क्वीनंच आपल्याऐवजी कुणाला धाडलं. आणि खरं सांगू? मी विचारलंही नाही. तीन वर्षं झाली, सणाला या खोलीत माझ्याशिवाय कुणी बसलेलं नाही. मी म्हटलं, बसा बसा. पोरीला नारळाच्या वड्या दिल्या. तिचं लाडाचं नाव मीत, म्हणजे आपला फणस. सात वर्षांची. तुझ्या लेकीएवढी. सणाच्या पैशांचं लाल पाकीट दिलं तर दोन्ही हातांनी घेतलं, शिकवलेली आहे. मग कलिंगडाच्या भाजक्या, लाल रंगवलेल्या बिया फोडायला बसली, आणि टरफलं टाकायची कुठं, तर सगळी जमिनीवर! बाप म्हणाला, "मीत!" मी म्हटलं, टाकू दे रे बाबा, टाकू दे.

तो मला सारखा आत्याबाई म्हणत होता. म्हटलं, असेल त्यांच्याकडची रीत. मग पानात गुंडाळलेली चिकट भाताची वळकटी पाहून हसला, "आमच्याकडे चौकोनी असते, आत्याबाई. ही म्हणजे उशीच." मी म्हटलं, उशीच आहे, खाल्ली की झोप येते. असं चाललं होतं. आणि मग तो पुढे सरकून हळूच म्हणाला, "आणि आत्याबाई, खालच्या खोलीतल्या त्या भाडेकरू म्हातारीची आपण अजिबात चिंता करू नका. सण होऊ द्या. मी स्वतः बोलतो. महिना अठरा लाख डोंगांत या शहरात आज गुरंसुद्धा कुणी बांधू देत नाही. तीस, नाहीतर खोली मोकळी."

थाम, माझ्या हातातली पळी तशीच राहिली.

तुला कळलं का काय झालं ते? वरच्या चौथ्या ताई आठवतात ना, भावंडांत चौथ्या म्हणून चौथ्या, जशी मी सहावी, आपल्या घरमालकीण? त्यांच्या भावाची लेक लोआन तिकडे उत्तरेत कारखान्यात होती, तिथंच लग्न केलं. तो हा नवरा, खुए. पंधरा दिवसांपूर्वी सगळे इकडे राहायला आले, शहराच्या पार दुसऱ्या टोकाला. ताईंनी त्याला नि त्यानं ताईंना कधी पाहिलेलं नाही, लग्नाला गेल्याच नाहीत. पण त्याचं वर्ष ताईंना भलतं चांगलं म्हणून त्यांनीच फोनवर सांगितलं, जावईबापू, पहिला पाय तुमचा, तिसरा मजला, चौथं दार. आणि उत्तरेची माणसं मजले कशी मोजतात? तळमजल्यापासूनच एक! त्याचा तिसरा तो आपला दुसरा. बायको खाली स्कूटर लावत होती. पुरुषानं आधी जायचं म्हणून हा पोरीला घेऊन पुढे आला, आणि शिरला माझ्याकडे.

ताईंनी मला सांगितलंच होतं गेल्या महिन्यात. "सहावे, यापुढे भाड्याचं जावई बघणार. शिकलेला आहे." पण तो म्हणजे हा, हे मला त्या घटकेला कळलं. तू असतीस तर काय केलं असतंस? मी त्याच्या ताटलीत आणखी एक अंडं वाढलं.

हो. सांगितलं नाही मी. मी आत्याबाई होऊनच बसले. मीतनं नुकती दुसरी मूठ बिया घेतली होती, आणि सांगितलं असतं तर ती दोघं उठून गेली असती. अर्धा तास. पोटातलं सांगते, इतका चांगला अर्धा तास गेला. तो भाडेकरू म्हातारीला कसं समजावणार ते सांगत होता आणि मी म्हणत होते, "हं. हो का. पण म्हातारी गरीब आहे बरं का." तो म्हणाला, "गरीब सगळेच आहेत, आत्याबाई."

मग लोआन धापा टाकत आली. वर जाऊन, दार वाजवून, खाली उतरली होती. दारातच किंचाळली, "अहो! इथं काय करताय! या सहाव्या मावशी! या भाडेकरू!"

खुएचा चेहरा पाहायला हवा होतास. अर्धं अंडं गालात. सणाच्या पहिल्या दिवशी भाड्याची गोष्ट काढली, तीही जिचं भाडं तिच्याच पुढ्यात. लाल झाला, मग पांढरा. आणि मी, वेडी, त्याची लाज झाकायला म्हटलं थांबा, मीच ताईंना समजावते, आणि गुडघ्यांचा विचार न करता धावले वर. ताई जरीच्या कपड्यांत दारातच उभ्या. मी बोलत बोलतच आत गेले.

"सहावे, उंबरा!" त्या ओरडल्या.

पण माझा पाय आत होता. त्यांच्या घरात, वर्षाचा पहिला. माझा. विधवेचा, भाडेकरणीचा.

त्या मटकन खुर्चीत बसल्या. "मेले मी," म्हणाल्या. "वर्षभर आता माझं तुझ्यासारखं होणार."

मी खाली आले. आता दुपार आहे. जमिनीवर सगळीकडे लाल टरफलं आहेत, आणि तीन दिवस केर काढायचा नाही. दर वर्षी केरच नसतो. यंदा आहे.

तुमच्याकडे म्हणे सशाचं वर्ष लागलं. आमच्याकडे मांजराचं. दिवस मात्र एकच ना? तू पण आज नवे कपडे घातले असशील.

तुझी आई


चौथा दिवस
६ फेब्रुवारी

थाम,

पहिल्या दिवशीचं पत्र पोस्ट बंद म्हणून अजून माझ्याकडेच आहे. दोन्ही एकदम टाकीन. तुझा पत्ता मी तू धाडलेल्या त्या एकाच फोटोच्या, तुझ्या नि लेकीच्या, मागून काढते, नेहमीसारखा. तिकडच्या लिपीतलं अक्षर न् अक्षर, नक्षी गिरवावी तसा. बरोबर येतो का देव जाणे. मी तिसरीपर्यंत शिकले, तेही आपल्या अक्षरांत. पण इतक्या वर्षांत एकही पत्र परत आलं नाही. म्हणजे कुणीतरी घेतंय.

केर अजून काढलेला नाही. तीन दिवस झाले, आज काढायला हरकत नव्हती. काढते उद्या.

ताईंची बातमी ऐक. पहिल्या दिवशी माझ्याशी बोलणं बंद. दुसऱ्या दिवशी जिन्यात दिसल्या तर तोंड फिरवून म्हणाल्या, "काल पाय घसरला माझा. तुझा गुण." तिसऱ्या दिवशी काय झालं माहीत आहे? लॉटरीचं तिकीट! शेवटचे दोन आकडे लागले! फार नाही, थोडकेच पैसे, पण ताई बावीस वर्षं तिकीट घेतात आणि आजवर त्यांना तिकीटवाल्याच्या शिव्यांशिवाय काही लागलेलं नाही. संध्याकाळी खाली माझ्याकडे हजर. हातात मोसंबी.

"सहावे, तुझा पाय हलका आहे गं."

"मी म्हटलं होतं का जड आहे म्हणून?"

"आता तुला कुठं जाऊ द्यायची नाही. पहिला पाय ज्याचा, त्यालाच वर्षात घराबाहेर काढायचं म्हणजे आपलं नशीबच जिन्यावरून ढकलणं." मी मनात म्हटलं, चला, मिटलं. तर मोसंबं सोलत पुढे म्हणतात, "पण भाडं ते भाडं. त्याचा पायाशी संबंध नाही."

मग त्यांनी स्वतःच एक तोड काढली. तळमजल्यावर त्यांच्या दुकानामागची खोली रिकामी आहे. बारा लाख. माझी भाताची हातगाडी दारातच लागेल, जिना नाही, नळ आत. "बारात तुला कुणी पारव्याचं खुराडं देणार नाही. आणि इमारतीतच राहशील, म्हणजे तुझा पाय माझ्या हाताशी."

खोटं कशाला बोलू, खोली चांगली आहे. हिशेब तूच कर. माझ्या भाताचा पुडा पाच हजाराचा. इथले अठरा लाख म्हणजे तीनशे साठ पुडे, तीस झाले तर सहाशे, आणि खाली दोनशे चाळीस. सगळे म्हणाले, आजी, घेऊन टाका, देवच पावला. क्वी न्हावी म्हणाला, मी सामान उतरवून देतो, त्या दिवशीची भरपाई.

मी म्हटलं, मला वरची हवा लागते.

"हवा?" ताई म्हणाल्या. "या बोळात? कुणाची, मासळीवाल्याची?"

विचार करून सांगते म्हणाले. पण विचार काय करायचा आहे. दार ते हेच. दोन-चौदा. जिन्यापासून चौथं, लोखंडी जाळीचं. अकरा वर्षांपूर्वी जाताना तू पाठ फिरवून म्हणालीस ना, या उंबऱ्यात पुन्हा पाय ठेवणार नाही. राग होता, घाईही होती. विमानाची वेळ झाली होती. तुलाच जायचं होतं, सगळ्या मैत्रिणी चालल्या होत्या. असो. पण तू उंबरा म्हणालीस तो हा. मी उंबराच बदलला तर तुला तुझा शब्द मोडता तरी कसा येईल?

फणस परवा पुन्हा येणार असं लोआन म्हणाली होती. परवा कुणी आलं नाही. कामं असतात माणसांना.


नववा दिवस
११ फेब्रुवारी

थाम,

आज तिघं आली! खुए कागद घेऊन आला होता, कराराचा. आजवर आपलं सगळं तोंडीच. सोळा वर्षं. लोआननं फुलं आणली. मीत आली ती सरळ बियांच्या डब्याकडे गेली, डबा कुठं असतो ते तिला आता माहीत आहे! ताई पण वरून उतरल्या, आणि मला म्हणाल्या, सहावे, पंखा माझ्याकडे कर. माझ्या खोलीत एका वेळी पाच माणसं! एक स्टूल कमी पडलं. शेजारून मागून आणलं, मुद्दाम मोठ्यानं मागितलं, "माझ्याकडे माणसं आली आहेत!"

खुए समोर बसला, अजून थोडा ओशाळलेला. म्हणाला, "मावशी, त्या दिवशी मी जे बोललो..."

"त्या दिवशी तू आत्याबाईंशी बोलत होतास. मला काही ऐकू आलं नाही."

लोआन हसली. तो नाही हसला. म्हणाला, "बाजारभाव पस्तीस आहे. मी तीस म्हणतो."

"वीस."

"मावशी!"

"बाजारात छप्पर गळतं का? इथं गळतं. बादलीसकट वीस."

"गळती काढून देतो. अठ्ठावीस."

"गळती काढलीस तर मी बादलीत कपडे धुवीन. एकवीस."

ताई मधेच, "एकवीस! अगं, माझ्या लग्नाच्या वर्षीचा भाव लावतेस का?"

"तुमच्या लग्नाच्या वर्षी ही इमारत नव्हती, ताई. तेव्हा इथं बेडूक होते."

मला मजा वाटत होती गं. खरंच. खूप दिवसांनी कुणी माझ्याशी इतका वेळ बोलत होतं. एकेक लाखानं वर-खाली करत राहिलो असतो तर संध्याकाळ झाली असती, मी काही हरकत घेतली नसती. पण खुएनं पेन खाली ठेवलं. "मावशी, मला एक कळत नाही. खाली बारा लाखांत चांगली खोली आहे. आपली मिळकत मी अंदाजानं जाणतो. वर राहायचा हट्ट का? गुडघे पाहा आपले."

"गुडघे माझे आहेत. ते करारात नको घालूस."

"पण कारण?"

"हवा."

तेवढ्यात मीत म्हणाली, बी फोडता फोडता, "आजी खोटं बोलतात. आजी स्टूल घेऊन येताना कॉरिडॉरमध्ये दोनदा बसल्या. मी पाहिलं." बापानं डोळे वटारले. मी उठून तिला स्वयंपाकाच्या कोपऱ्यात नेलं, वडी द्यायला. ती माझ्या मागोमाग आली आणि माझ्या कोपराला लागून उभी राहिली, पोरं राहतात तशी.

"आजी, वर का राहायचंय?"

"एक मुलगी येणार आहे."

"मग तिला खालची खोली सांगा."

"सांगता येत नाही. तिला हेच दार ठाऊक आहे."

"ती कुणाला तरी विचारेल."

"ती नाही विचारायची. दार बंद दिसलं, आत दुसरंच कुणी दिसलं, तर ती तशीच परत फिरेल. हट्टी आहे. माझ्यावर गेलीये."

"कधी येणार?"

मी म्हटलं, वडी खा.

मग लोआननं फोन काढला, म्हणाली सगळ्यांचा एक फोटो होऊन जाऊ दे. मीतला माझ्यापुढे उभी केली. तिला हसू येत नव्हतं, तोंडात वडी होती. लोआन म्हणाली, "मीत, जरा हस. हस ना जरा, बघू."

आणि मी ओरडले. "नको सांगूस तिला!"

लोआननं फोन खाली केला. ताईंच्या हातातला कप तसाच. मी पोरीला म्हटलं, नाही आलं हसू तर नको हसूस, बाळा. कुणी सांगितलं तरी.

ते गेल्यावर मी हे लिहिते आहे. खुए काही न ठरवता गेला, पौर्णिमेला येतो म्हणाला.

थाम, मागच्या पत्रात मी लिहिलं की तुलाच जायचं होतं. ते खोडत नाही, पण खरं नाही ते. तुझे बाबा खाटेवर होते, औषधाला पैसे नव्हते. परदेशातली लग्नं जुळवणारी ती मध्यस्थ बाई तीन वेळा आली आणि तिन्ही वेळा चहा मीच ठेवला. त्या दिवशी केस मी विंचरले तुझे. माझ्या बहिणीचे कानातले आणून घातले. त्या हॉटेलात बाकावर सात मुली होत्या, आणि बायको निवडायला आलेला तो परदेशी माणूस एकेकीपुढून चालत येत होता, आणि तू माझ्याकडे पाहिलंस. मी भिंतीपाशी उभी होते. तू काही बोलली नाहीस, नुसतं पाहिलंस. तुला एवढंच हवं होतं की मी म्हणावं, चल घरी.

मी म्हटलं, "जरा हस."

तू हसलीस. आणि त्यानं तुझ्याकडे बोट केलं.

बाबा तरीही चार महिन्यांत गेले. हे तुला माहीत आहे. जरा हस म्हटलं ते मात्र मला वाटायचं, तू विसरली असशील. पण आता मला वाटतं, तू तेवढंच लक्षात ठेवलं असशील.


पहिल्या महिन्याची पौर्णिमा
१७ फेब्रुवारी

थाम,

झाला करार!

आधी देवळात इतकी गर्दी की उदबत्ती लावायला तासभर. तिथून आले तर खुए दारात एकटाच उभा, जाळीला टेकून, फोनवर. मला पाहून बोट दाखवलं, एक मिनिट. आईशी बोलत होता. "हो. हो आई. पुढच्या वर्षी नक्की." असं तीन-चारदा. फोन ठेवल्यावर थोडा वेळ फोनकडेच पाहत राहिला. मी म्हटलं, आत ये, कारल्याचं सूप आहे.

खाताना म्हणाला, "यंदा पहिल्यांदाच सणाला घरी गेलो नाही. आई म्हणते, तुझं ताट वाढून ठेवलं होतं. धाकट्याला म्हणाली, तिथं बसू नकोस, तो उशिरा येतो कधी कधी." मग बराच वेळ सूप ढवळलं. "मीतनं मला सांगितलं, मावशी. येणार ती मुलगी कोण, ते विचारत नाही मी."

"माझी लेक. गेल्यापासून आली नाही, फोनही नाही," मी म्हटलं. थाम, सोळा वर्षं ज्या इमारतीत काढली तिथं गेल्या अकरा वर्षांत मी हे पहिल्यांदा मोठ्यानं म्हटलं. सगळ्यांना वाटतं तू दर महिन्याला फोन करतेस. मीच सांगते तसं. कधी तुझ्या नव्या घराचं सांगते, कधी लेकीच्या शाळेचं. मागच्या वर्षी तुला स्कूटर घेऊन दिली मी.

मग ताई आणि लोआन आल्या, मीत आली, आणि खुएनं कागद काढला. म्हणाला, "पंचवीस."

"तेवीस."

"चोवीस," ताई म्हणाल्या, "आणि एक अट. कागदावर लिही, जावई. दर वर्षी पहिल्या दिवशी, सकाळी, माझ्या घरात पहिला पाय हिचा. करार आहे तोवर. तिकीट मी घेत राहणार आहे."

"ताई, हे करारात लिहिता येत नाही," खुए म्हणाला.

"का नाही येत? पाण्याचं बिल लिहिता येतं, मग पाय का नाही?"

लिहिलं त्यानं! सहाव्या ओळीत आहे, सुवाच्य अक्षरात. आणि माझ्याकडे पाहून, न विचारता, वर मुदतीच्या जागी एक वर्ष होतं ते खोडून तीन केलं. खोली क्रमांक दोन-चौदा. तीन वर्षं. हा पत्ता आता कुणी हलवत नाही. चारशे ऐंशी पुडे, म्हणजे रोज सोळा. पहाटे तासभर आधी उठेन. झोप कुणाला येते नाहीतरी.

मी सही केली. माझं नाव कागदावर फार दिवसांनी पाहिलं. मीत म्हणाली, आजी, तुमचं अक्षर माझ्यासारखं आहे.

जाताना ती दारात थांबली. "पुढच्या वर्षी पण आम्हीच पहिले!" बाप म्हणाला, "या वेळी मजला बरोबर मोजून येतो." सगळे हसले. मीही हसले, आणि मग म्हटलं, "नाही रे, पुढच्या वर्षी तुम्ही दुपारी या. जेवायलाच या. सकाळ मी राखून ठेवली आहे."

लोआनला वाटलं क्वी न्हाव्यासाठी. खुएनं तिच्या दंडाला हात लावला. "दुपारी येऊ, मावशी," तो म्हणाला.

ती गेल्यावर केर काढला. पंधरा दिवसांच्या बिया. थोड्या कोपऱ्यात राहू दिल्या.

आता नीट वाच. कुणी तुला वाचून दाखवत असेल तर दोनदा वाचून घे. पुढच्या वर्षी सणाच्या सकाळी करारापायी मला वर ताईंकडे जावं लागेल. सात वाजता. दार उघडंच ठेवून जाणार आहे, खोलीत कुणीही नसेल. तू आलीस तर मी समोर नसेन. तुला माझ्याकडे पाहावं लागणार नाही, काही म्हणावं लागणार नाही. जाळी ढकल आणि आत ये. लेकीला आणलंस तर तिची लाल पाकिटं तांदळाच्या डब्यावरच्या पेटीत आहेत, सात आहेत, तोवर आठ होतील. बिया शेल्फवर. टरफलं कुठंही टाका.

बसायचं नसेल तर नुसता उंबरा ओलांडून परत जा. तेवढ्यानंही पहिला पाय तुझाच होतो.

ताई मला पाच मिनिटांत सोडतील, पण मी सावकाश उतरेन. पायऱ्यांवर दोनदा बसून येईन. गुडघे आहेतच माझे.

नवं वर्ष २३ जानेवारीला आहे. सोमवार येतो, कॅलेंडरवाल्याला विचारून घेतलं. मीत आणि तिची माणसं त्या दिवशी दुपारी दोनला येणार आहेत.